सातवं पान

चौथं शील म्हणताना अण्णासाहेबांचा आवाज आजही खाली उतरला.

गेली अकरा वर्षं तो असाच उतरत होता. रविवारी सकाळी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लागायची, सगळं घर वंदनेला बसायचं, पहिली तीन शीलं हेडमास्तरी खणखणीत आवाजात व्हायची. खोटं न बोलण्याचं चौथं आलं, की या माणसाला नेमका चष्मा पुसायची आठवण व्हायची. पोरांना वाटायचं, अण्णांचं वय झालं. प्रभावतीला तसं वाटत नव्हतं. पण ती काही बोलायची नाही, आणि बायकोचं हे न बोलणंच अण्णासाहेबांना जास्त भिववायचं.

आज तर भीती पहाटेपासूनच छातीवर येऊन बसली होती, कारण आज धाकट्या लेकीचा, सुमेधाचा फॉर्म भरायचा होता.

परतूरला रुळाच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीत कुणाचाही कसलाही कागद असो, शिष्यवृत्तीचा, रेशनकार्डाचा, निराधार योजनेचा, तो अण्णासाहेबांच्या हातूनच भरला जायचा. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी त्यात खंड नव्हता. वंदना आटोपली की टेबलावर धुतलेली चादर अंथरायची, शाईचं पेन भरून ठेवायचं, टीपकागद डाव्या हाताला. समोरच्या माणसानं नुसतं बसायचं. विचारून फॉर्म भरायची अण्णासाहेबांना सवयच नव्हती. "तुझी जन्मतारीख तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ आहे," असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं. अर्ध्या वस्तीच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना त्यांनीच ठरवलेल्या होत्या.

सुमेधाचा कागद मात्र नेहमीसारखा नव्हता. ती केमिकल इंजिनिअर होऊन सहा महिने झाले होते. तिच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी नव्या केमिकल इंजिनिअरांसाठी करिअर-नियोजनाचं सगळं साहित्य तयार करून ठेवलं होतं: कोणत्या वाटेनं कुठे जाता येतं त्याची माहिती, फोनवर सल्ला द्यायला एक अनुभवी इंजिनिअर, आणि स्वतःला ओळखायची चौदा पानांची इंग्रजी पुस्तिका. ती मोबाइलवरही भरता आली असती. पण अण्णासाहेबांना काचेवर विचार सुचत नाही, म्हणून तिच्या थोरल्या भावानं, राजानंदनं ती आदल्या दिवशी आपल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणली होती.

"चौदा पानं?" झुंबरबाईनं हनुवटीला बोट लावलं. अण्णासाहेबांची ही थोरली बहीण सकाळच्याच एसटीनं जाफराबादहून उतरली होती. "लगीन जमवायला येक पान पुरतं, अन् नोकरीला चौदा? काय चाललंय हे, आन्ना?"

"आत्या, ही नोकरीची न्हाई," सुमेधा हसली. "आपल्याला कोणतं काम झेपंल, ते कळायसाठी हाये."

"न झेपायला काय झालं? काम मिळालं की झेपतंच. तुझी आजी इचारत बसली व्हती का, मला निंदणं झेपतं का खुरपणं?" आत्यानं पिशवीतून हिरव्या मिरच्यांचा वाटा काढून प्रभावतीच्या पुढ्यात ठेवला. "घे. झणझणीत हायेत. ठेचा कर पोरांला."

"अंगणात भाजते, आक्का. घरात नको."

"व्हय व्हय. मी इसरलेच." झुंबरबाईचा आवाज लगेच मऊ झाला. राजानंद कारखान्यातून परत आल्यापासून या घरात मिरची भाजली गेली नव्हती.

अण्णासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पहिलं पान म्हणजे नाव-गाव, ते झरझर झालं. दुसऱ्या पानावर वाटा छापल्या होत्या: कारखान्यातलं उत्पादन, आराखडे काढायचं ऑफिस, तपासणीची लॅब, सांडपाण्याची प्रक्रिया, सुरक्षा, संशोधन, सरकारी परीक्षा. ज्या वाटेनं जायचं तिच्यापुढे खूण करायची होती. त्यांनी 'उत्पादन'पुढे केली. तिसऱ्यावर अंगातल्या कौशल्यांना पाचपैकी गुण द्यायचे होते. बापानं लेकीला सगळीकडे पाच दिले.

"अण्णा, मला पंपांचं एवढं येत न्हाई. तीन लिहा."

"स्वतःचे गुण स्वतः कापायचे नसतात. ते काम दुसरे लोक फुकटात करतात."

चौथ्या पानावर, या क्षेत्रातल्या कोणाकोणाशी बोललात ते लिहायचं होतं. सुमेधा चार जणांशी फोनवर तासतासभर बोलली होती, तिनं नावं पटापट सांगितली. पाचव्यावर 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' असा प्रश्न होता. अण्णासाहेबांनी तिच्याकडे न बघताच 'प्लँट मॅनेजर' असं लिहून टाकलं.

"मी शिफ्ट इंजिनिअर म्हणणार होते," सुमेधा पुटपुटली.

"मागायचंच तर कमी कशाला मागावं?"

"बराबर हाये," आत्या म्हणाली. "मोठंच लिव्ह. कागदाला काय वझं होतंय?"

सगळे हसले. अण्णासाहेबही हसले, पण त्यांचं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या रेल्वेच्या दादऱ्याकडे होतं. राजानंद तासाभरासाठी दुकान उघडायला गेला होता, तो आता परत निघालेला दिसला. चौतीस वर्षांचा तरणाबांड गडी पायऱ्या चढताना कठड्याला धरून उभा राहिला. मग चार पायऱ्या चढला आणि परत उभा राहिला. खिशातून श्वासाचा पंप काढून त्यानं तोंडाला लावला. रोज तो दोनदा थांबायचा, आज अण्णासाहेबांनी तीनदा मोजलं. हवेत कापसाचं तूस असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली. जिनिंगचा हंगाम आहे.

राजानंद येऊन भिंतीला टेकला तेवढ्यात सुमेधाचा फोन वाजला. अक्षता मॅडम होत्या, पुण्यातल्या. वीस वर्षं कारखान्यांतून काढलेल्या. सुमेधाच्या वाट्याला त्या सल्लागार म्हणून आल्या होत्या. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"सुमेधा, तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. कोकणातला तो कीटकनाशकांचा कारखाना मी म्हणत होते ना, त्यांना प्लँटवर दोन ट्रेनी हवेत. सॉल्व्हंटच्या वाफांतलं काम आहे, तिन्ही शिफ्ट. मी तुझं नाव देऊ शकते. पण मी पुस्तिका वाचल्याशिवाय कुणाचं नाव देत नाही. आज एकपर्यंत फोटो पाठवशील?"

"हो मॅडम. निम्मी झालीच आहे."

"आणि सातवं पान शांतपणे भर. बाकीची पानं चुकली तर एखाददुसरं वर्ष वाया जातं. सातवं चुकलं तर..." त्या थांबल्या. "नीट भर, एवढंच."

फोन बंद झाला. सुमेधाचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. लहानपणी दादाच्या सुट्टीत ती त्याच्या मांडीवर बसून ऐकायची, की तीन मजली मनोरा कसा असतो, खालून वाफ कशी सोडतात आणि एकाच रसातून वेगवेगळी द्रव्यं वेगवेगळ्या मजल्यांवर कशी निघतात. तेव्हापासून तिला प्लँटचं वेड होतं. आरामखुर्चीतली नोकरी तिला नको होती.

"झालं की मंग!" आत्यानं मांडीवर थाप मारली. "आन्ना, जल्दी भर. दुपारच्या आत धाडून दे."

"भरा, अण्णा," सुमेधा म्हणाली. तिनं बापाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

त्या नजरेचा अर्थ अण्णासाहेबांना बरोबर कळला. दिवाळीपासून पहाटे पहाटे ते आपल्या खाटेवर पडून ऐकत होते, पलीकडच्या खोलीत पोरगी उशीत तोंड खुपसून खोकायची. खोकल्याच्या शेवटी बारीक शिटी वाजायची. तशी शिटी त्यांनी पूर्वी ऐकलेली होती. थंडीचा असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि सकाळी बाप-लेक एकमेकांना काहीच न विचारता चहा प्यायचे. न ठरवता झालेला करार होता तो.

सहावं पान झालं. सातवं पुढे आलं.

त्यावर तीनच प्रश्न होते. तुम्हाला श्वासाचा त्रास आहे किंवा होता का? कुटुंबात कुणाला आहे का? असल्यास कामाच्या ठिकाणी तो आधी सांगितला होता का?

प्रभावती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात मिरच्यांचं सूप. अण्णासाहेबांनी मान वर केली नाही. आपल्याला विचार करायचाय, असं त्यांना वाटत होतं. पण हात चाळीस वर्षांचा सराईत. त्यानं मालकाची वाट पाहिली नाही. पहिल्या ओळीत त्यानं नाही लिहिलं, दुसऱ्या ओळीत नाही लिहिलं, आणि तिसऱ्या ओळीत सुबक आडवी रेघ मारून खाली टिंब दिलं.

शाई ओली होती. अण्णासाहेबांनी टीपकागदाकडे हात नेला, आणि तो तसाच राहिला.

भिंतीजवळचा राजानंद उठला. शर्टाच्या आतून त्यानं प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून एक कागद काढला, त्याची घडी उलगडली आणि भरलेल्या पानावर तो कोरा कागद अलगद ठेवला.

तेही सातवंच पान होतं.

"मी दोन काढून ठेवली होती, अण्णा," तो म्हणाला. "वाटलंच होतं मला."

अण्णासाहेबांच्या कानात एकदम गाडी जावी तसा आवाज भरला. अकरा वर्षं ज्या क्षणाला ते भ्याले, तो असा पोराच्या शर्टातून घडी होऊन आला होता, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. हेडमास्तराला रागावर बोलता येतं.

"काय झालं? काय चुकलं?" झुंबरबाई एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. "राजा, तू का बोलून न्हाई राह्यला?"

"तसं काही न्हाई, आत्या. मला आठवीपर्यंत दमा होता, तुला माहीत हाये ना?"

"माहीत म्हंजी? मीच तुला ओव्याची धुरी देयाची. मंग पुढं गेला की तो."

"गेल्ता कुठं, आत दबून बसल्ता. कंपनीच्या फॉर्मवर विचारलं होतं, पूर्वी दमा होता का." राजानंद एक श्वास घ्यायला थांबला. "अण्णांनी नाही लिहिलं."

झुंबरबाई भावाकडे वळली. "आन्ना?"

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "डॉक्टरनं नापास केलं असतं, आक्का," ते म्हणाले. "आपल्या वस्तीतला पहिला इंजिनिअर. पेढे वाटून झाले होते. सगळ्या परतुराला मी सांगून बसलो होतो. अन् मला वाटलं, लहानपणीचा आजार, आता कुठंय?"

"मी म्हणाले होते," दारातून प्रभावती बोलली. तिचा आवाज इतका साधा होता, की सगळ्यांना वळून बघावं लागलं. "मी म्हणाले, लिहा, आठवीपर्यंत होता म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला फॉर्ममधलं काय कळतं. मी गप बसले. दोन वर्षांनी कारखान्यात तो वायू सुटला. बराबरची पोरं आठ दिवसांत कामावर गेली, अन् माझं पोरगं..." तिनं सूप खाली ठेवलं. "माझं गप बसणंही त्यातच लिहा. कुठं जागा असली तर."

आता आत्या कुणाच्या बाजूनं बोलेल, हे अण्णासाहेबांना कळेना. लहानपणापासून ही बहीण त्यांच्या पाठीशी उभी राहिली होती, खऱ्यात आणि खोट्यातही. झुंबरबाई उठली, भावाच्या शेजारून निघून प्रभावतीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "तू लई शिकलास, आन्ना. आमी तुझ्या अक्षराला भुललो."

यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

"सही माझी होती," राजानंद म्हणाला. "मी वाचून सही केल्ती. मलाही नोकरी पाहिजे होती. एकट्या अण्णांवर टाकू नका."

"मग मलाही पाहिजे!" सुमेधा एकदम उसळली. तिचे डोळे भरून आले होते. "दादा, तुला सगळं माहीत हाये, प्लँट म्हंजे माझ्यासाठी काय हाये ते. ते पान तसंच जाऊ दे ना. मला काही झालेलं न्हाई. बिलकुल काही न्हाई."

"सुमे, माझ्याकडे बघ."

"तू दुकानात झेरॉक्स काढतोस म्हणून मीही..." बोलता बोलता ती थांबली. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. राजानंदनं नुसती मान हलवली.

"हो. झेरॉक्स काढतो," तो म्हणाला. "त्यामुळेच पुस्तिका सगळी वाचली. नववं पान वाचलंस का तू? त्यावर सुरक्षेचं काम हाये. कारखाना उभा राहायच्या आधी कागदावर बघायचं, कुठून काय सुटू शकतं, कुठं फुटू शकतं. त्यालाही केमिकल इंजिनिअरच लागतो. मनोरा तोच, वाफ तीच. फक्त रोज वास घ्यायचा न्हाई. पगार कमी हाये, अन् आणखी एक परीक्षा हाये. मला हे कुणी दाखवलं न्हाई, सुमे. तव्हा असलं काही छापलेलं नव्हतं. अण्णांकडं वर्तमानपत्राची कात्रणं होती, तेवढीच."

ओढणीचं टोक सुमेधानं मुठीत आवळून धरलं होतं.

घड्याळात साडेबारा झाले होते. अण्णासाहेबांनी चष्मा चढवला आणि कोरं सातवं पान सरळ केलं. दुसरा प्रश्न त्यांनी आधी घेतला. कुटुंबात कुणाला आहे का? 'होय. मोठा भाऊ, राजानंद.' आधी सांगितला होता का? तिथे त्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग लिहिलं, 'नाही. फॉर्म वडिलांनी भरला होता.' इंग्रजीत ते वाक्य फार लहान झालं. प्रत्येक अक्षर पूर्वीसारखंच सुबक आलं, आणि त्या सुबकपणाची त्यांना जन्मात पहिल्यांदा किळस आली.

आता पहिला प्रश्न तेवढा राहिला.

पेन रकान्यावर टेकलं. हाताला उत्तर पाठ होतं. अण्णासाहेबांनी पेन उचललं आणि मान वर करून पोरीकडे पाहिलं. समोर बसलेल्या माणसाकडे असं त्यांनी चाळीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"सुमे," ते म्हणाले, "काय लिहू? तू सांग."

सुमेधानं दादाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. नाही म्हणण्यासाठी तिनं श्वास आत घेतला आणि तो अर्ध्यातच अडकला. ओढणी तोंडाशी गेली. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं ओढणी खाली ठेवली आणि खोकली. सगळ्यांसमोर, वाकून, पोटापासून, खोकला थांबेतोवर. शेवटी ती बारीक शिटी वाजली. राजानंदनं डोळे मिटून घेतले.

"लिहा," तिला श्वास मिळाला तेव्हा ती म्हणाली. "होय."

अण्णासाहेबांनी लिहिलं. रकान्यात पुढे विचारलं होतं, केव्हापासून. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी 'दिवाळी' लिहायला पेन टेकवलं, पण आता विचारायची सवय लावायला हवी होती.

"केव्हापासून?"

"मे महिन्यापासून," सुमेधा म्हणाली. "रंगाच्या कारखान्यात ट्रेनिंगला गेल्ते ना, तव्हापासून."